एका बकलापासून सुरुवात: मध्ययुगाच्या आरंभीचा युरोप संग्रहालयात कसा पाहावा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वरच्या मजल्यावर ४१ क्रमांकाचं दालन आहे. त्याच मजल्यावर इजिप्तच्या ममी असल्यामुळे आपल्याकडून गेलेली बहुतेक मंडळी तिथेच रमतात आणि पुढे ४१ मधून फक्त बाहेरची वाट शोधत जातात. या दालनात साधारण इ.स. ३०० ते ११०० एवढ्या काळातला युरोप मांडलेला आहे. हाच काळ पूर्वी इंग्रजी पुस्तकांत ‘अंधारयुग’ म्हणून उरकला जायचा. आतलं सोनं पाहिलं की ते नाव कुणी आणि का दिलं असेल, असा प्रश्न पडतो.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना या काळाबद्दल काहीच माहीत नाही, पण लंडन, पॅरिस, माद्रिद, स्टॉकहोम यांपैकी कुठे जाण्याचा योग आहे. कुठेच जायचं नसेल तरी चालेल. यातलं बरंचसं घरबसल्या संगणकावर पाहता येतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी पाच नावं

राजांच्या याद्या पाठ करायला जाऊ नका. माझ्या मते या विषयात नवख्या माणसाला पळवून लावणारी तीच गोष्ट आहे. एथेलबर्ट, एथेलरेड, एथेलस्टन यांत कोण कुठला हे लक्षात ठेवताना चांगले चांगले गोंधळतात.

पाच नावं पुरतात. इ.स. ४७६ मध्ये रोमचा पश्चिमेकडचा शेवटचा बादशहा पदच्युत झाला. त्यानंतर आजच्या फ्रान्समध्ये आणि ऱ्हाइन नदीच्या काठी फ्रँक, स्पेनमध्ये व्हिसिगॉथ, इंग्लंडमध्ये अँग्लो-सॅक्सन सत्तेवर आले. पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये रोमन साम्राज्य चालूच राहिलं, त्याला आपण बायझंटाइन म्हणतो. आणि आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडून व्हायकिंग आले, आधी लुटायला, मग व्यापाराला, मग राहायलाही. आयर्लंड यात बसत नाही, पण त्याची ओळख डब्लिनच्या नॅशनल म्युझियममधला आर्डाचा चषक नि टाराचा ब्रोच पाहूनच झालेली बरी.

काळ डोक्यात बसवायला आपल्याकडचा खुंटा वापरा. पुढे ज्या सटन हूच्या थडग्याबद्दल सांगणार आहे, ते भरलं गेलं त्या सुमारास बदामीला दुसरा पुलकेशी राज्य करत होता. पुढे येणारा, इंग्लंडच्या मध्य भागातल्या मर्सियाचा राजा ऑफा हा राष्ट्रकूटांच्या वेळचा, म्हणजे वेरूळचं कैलास लेणं ज्या शतकात कोरलं गेलं त्या शतकातला. एवढं पुरे.

एकच काच निवडा

दालनात शिरल्यावर सगळं पाहायचा मोह आवरा. सरळ मधल्या भागात सटन हूच्या वस्तूंकडे जा आणि सोन्याच्या मोठ्या बकलासमोर उभे राहा.

पट्ट्याचं हे बकल साधारण १३ सेंटिमीटर लांब आहे. वजन ४१२.७ ग्रॅम, म्हणजे आपल्या सराफाच्या हिशेबाने ४१ तोळ्यांच्या वर. लांबून पाहिलं तर वेलबुट्टी वाटते. जवळ जा. वेल म्हणून जे दिसतं ते प्राण्यांचं अंग आहे. एक डोळा सापडतो, मग जबडा सापडतो, तो जबडा दुसऱ्याच कुणाचा पाय चावत असतो. एका जनावराचं शरीर धरून बोटाने हवेत गिरवत गेलात तर ते दुसऱ्याच्या खालून जातं, तिसऱ्याच्या वरून येतं आणि भलतीकडेच संपतं. अशी एकूण १३ जनावरं आहेत. रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत निएलो नावाचा काळा मसाला भरला आहे. बकल आतून पोकळ आहे आणि मागची बाजू उघडते. ती बंद ठेवायला तीन सरकत्या खिट्ट्या केल्या आहेत. आत काय ठेवत असतील याबद्दल तर्क आहेत, ख्रिस्ती संताचा अवशेष असावा असाही एक. सापडलं तेव्हा आत काही नव्हतं.

जमलं तर वहीत यातलं एक जनावर पेन्सिलीने काढून पाहा. चित्रकला येत नसली तरी काढा. फोटो काढताना जे दिसत नाही ते हाताने काढताना दिसतं, आणि सातव्या शतकातल्या सोनाराने बघणाऱ्याला मुद्दाम कसं चकवलं आहे ते कळतं.

वस्तू आली कुठून ते आधी वाचा

सटन हू हे इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोक परगण्यात, डेबेन नदीजवळ आहे. जमीन ईडिथ प्रीटी या बाईंची होती. शेतातल्या जुन्या टेकाडांत काय आहे या उत्सुकतेपोटी त्यांनी १९३८ मध्ये बेसिल ब्राउन या गृहस्थांना खोदायला बोलावलं. ब्राउन हे स्वतःच्या अभ्यासाने तयार झालेले, इप्सविचच्या संग्रहालयासाठी काम करणारे. १९३९ च्या मे महिन्यात सगळ्यात मोठ्या टेकाडात त्यांना लोखंडी रिव्हेट, म्हणजे फळ्या जोडायचे खिळे, लागले. ते एका ओळीत होते. त्यांनी ते उपटले नाहीत, जागच्या जागी ठेवून भोवतालची माती काढत गेले. लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं, पण त्याचा ठसा वाळूत राहिला होता. तब्बल २७ मीटर लांबीचं अख्खं जहाज! मधल्या भागात लाकडी खोली करून त्यात मृताचं सामान ठेवलेलं होतं.

जाता जाता एक गंमत. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास चोरांनीही हे टेकाड फोडलं होतं. पण टेकाडाचा एक भाग त्याआधीच कापला गेला होता, त्यामुळे त्यांचा ‘मध्य’ चुकला. ते भलत्याच ठिकाणी खोल गेले आणि त्या काळातल्या एका सुरईचे तुकडे मागे ठेवून हात हलवत परतले. त्यांचा अंदाज थोडा बरोबर असता तर आज हे दालन निम्मं रिकामं असतं.

ऑगस्ट १९३९ मध्ये सरकारी चौकशी बसली. पुन्हा बाहेर काढण्याच्या इराद्याने पुरलेलं धन राजाचं, पण मृताबरोबर कायमचं ठेवलेलं धन जमीनमालकाचं, असा तिथला जुना कायदा. निकाल प्रीटीबाईंच्या बाजूने लागला आणि त्यांनी सगळा ठेवा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. काही आठवड्यांतच महायुद्ध सुरू झालं. युद्धकाळात या वस्तू लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका बोगद्यात सांभाळून ठेवल्या होत्या.

ही हकिगत आधी वाचायची ती अशासाठी: जी वस्तू शास्त्रीय खोदकामात निघाली, तिच्या शेजारी काय होतं, ती कोणत्या बाजूला होती, हे नोंदलेलं असतं. बाजारातून विकत आलेल्या वस्तूबद्दल यातलं काहीच कळत नाही, मग ती कितीही सुंदर असो. फलकावर ‘उत्खननात सापडली’ की ‘खरेदी’ की ‘देणगी’ हे बघायची सवय लावा.

चार प्रश्न

प्रत्येक वस्तूला हे विचारायचे: कशाची आहे, कशी केली, कशासाठी वापरली, आणि आपल्यापर्यंत कशी पोचली. शेवटचा प्रश्न वर झाला. पहिल्यानेच खरी मजा येते.

बकलाच्या आसपास खांद्यावर अडकवायच्या सोन्याच्या जोडफळ्या आणि थैलीचं झाकण आहे. त्यांत लाल खडे दिसतील, ते गार्नेट. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या लावून छोटे छोटे कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्याच्या मापाचा खडा कापून बसवायचा, अशी ही पद्धत. खडा कागदासारखा पातळ कापलेला असतो आणि त्याच्या खाली बारीक चौकटींची नक्षी उठवलेला सोन्याचा पत्रा असतो. प्रकाश खड्यातून आत जातो, पत्र्यावरून उलटतो, आणि लाल रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. फोन झूम करून पाहिलात तर खड्याखालची ती जाळी चक्क दिसते.

आता हे गार्नेट आले कुठून? या काळातल्या युरोपीय दागिन्यांतल्या गार्नेटची रासायनिक तपासणी झाली आहे, आणि त्यांतले पुष्कळसे भारत आणि श्रीलंकेतले निघाले. म्हणजे आपल्याकडचा खडा समुद्रमार्गाने, हातोहात, फ्रँकांच्या आणि अँग्लो-सॅक्सनांच्या सोनारापर्यंत गेला. सातव्या शतकात ही आवक आटली, तेव्हा मध्य युरोपातले बारीक खडे वापरायची वेळ आली. दागिन्यांतले खडे लहान व्हायला लागले की दूरच्या व्यापाराचं काहीतरी बिनसलं आहे असं समजावं. इतिहासाच्या पुस्तकात पानभर वाचून जे कळणार नाही, ते दोन ब्रोच शेजारी ठेवून कळतं.

तारीख दोनदा विचारा

नवखे इथे हमखास फसतात. वस्तू केव्हा केली आणि केव्हा पुरली या दोन वेगळ्या तारखा आहेत.

सटन हूच्या त्याच खोलीत चांदीचं मोठं ताट आहे, ७२ सेंटिमीटर व्यासाचं. त्याच्या मागे बायझंटाइन बादशहा पहिला अनास्टेशियस याचे शिक्के आहेत, म्हणजे ते ४९१ ते ५१८ च्या दरम्यानचं. पुरलं मात्र त्यानंतर शंभर वर्षांनी. इतकी वर्षं ते कुणाच्या घरी होतं, भेट म्हणून आलं की लुटीत, कोण जाणे.

मग पुरल्याची तारीख कशी ठरवली? थैलीवरून. थैलीचं चामडं गेलं, झाकण उरलं, आणि आतली ३७ सोन्याची नाणी. सगळी फ्रँकांच्या मुलखातली, आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेगळ्या टाकसाळीतलं. बरोबर तीन कोऱ्या चकत्या आणि सोन्याच्या दोन छोट्या विटा. थैलीतलं सगळ्यात नवं नाणं ज्या वर्षी पाडलं, त्याच्या आधी तर थडगं बंद झालेलं असू शकत नाही. या हिशेबाने सातव्या शतकाचा पहिला तिसरा हिस्सा निघतो. पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड इ.स. ६२४ च्या सुमारास वारला, म्हणून थडगं त्याचं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. फलकावर ‘बहुधा’ किंवा ‘सुमारे’ लिहिलेलं असतं ते सोडून वाचू नका. थडग्यात नाव लिहिलेलं नाही, आणि तिथल्या आम्लधर्मी मातीत देहही उरला नव्हता.

डागडुजी ओळखा

शिरस्त्राण, म्हणजे ते प्रसिद्ध मुखवट्याचं, सापडलं तेव्हा त्याचे शेकडो तुकडे होते. १९४५-४६ मध्ये ते पहिल्यांदा जुळवलं. पण त्या रचनेत मान उघडी राहत होती आणि जबड्याचा भाग नीट झाकला जात नव्हता. लढणारा माणूस असलं काही घालणार नाही, अशी शंका येत राहिली. शेवटी ते पुन्हा सुटं केलं आणि १९७०-७१ मध्ये नव्याने जोडलं. आज दिसतं ते हे दुसरं रूप. शेजारीच नवी कोरी, चकचकीत प्रतिकृती असते. लोक प्रतिकृतीचे फोटो काढतात, कारण ती ‘छान’ दिसते. तुम्ही मूळ वस्तूकडे पाहा: खडबडीत तपकिरी भाग जुना, मधला गुळगुळीत भाग भर म्हणून घातलेला. जुना भाग किती थोडा आहे हे पाहून धक्का बसतो.

चेहऱ्याकडे नीट बघितलं तर भुवया, नाक आणि मिशी मिळून पंख पसरलेला एक पक्षी होतो. भुवयांत गार्नेट आहेत. एका भुवईतल्या खड्यांखाली सोन्याचा पत्रा आहे, दुसरीत नाही. अंधाऱ्या दरबारात शेकोटीच्या उजेडात एकच डोळा चमकावा, एकाक्ष देव ओडिनसारखा, म्हणून हे मुद्दाम केलं असं काही अभ्यासक म्हणतात. पटो न पटो, पण एवढ्या बारीक फरकावरून वाद घालता येतो हे मला फार आवडतं.

मोडक्या वस्तूंकडे पाठ फिरवू नका

२००९ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या एका शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला जवळजवळ चार किलो सोनं सापडलं, शिवाय दीडेक किलो चांदी. सगळे तुकडे: तलवारींच्या मुठींचे सोनेरी भाग उचकटून काढलेले, क्रूस घडी घालावा तसा दुमडलेला. बायकांचे दागिने जवळजवळ नाहीतच. हे कुणाच्या तिजोरीतलं जडजवाहीर वाटत नाही, हरलेल्यांच्या हत्यारांवरून खरवडलेलं वाटतं. हा ठेवा आता बर्मिंगहॅम आणि स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या संग्रहालयांच्या सामाईक मालकीचा आहे.

व्हायकिंगांच्या चांदीचंही तसंच. बांगड्यांचे, सळ्यांचे कापलेले तुकडे दिसले तर ते तुटलेले नाहीत, मुद्दाम तोडलेले आहेत. चांदी तोलून देण्याघेण्याचा व्यवहार होता, सुटे पैसे हवे तर बांगडी कापायची. नाण्यांच्या पृष्ठभागावर बारीक टोचे दिसतील. चांदी खरी की आत हिणकस, हे सुरीच्या टोकाने तपासल्याच्या त्या खुणा. २००७ मध्ये सापडलेल्या व्हेल ऑफ यॉर्कच्या ठेव्यात ६१७ नाणी होती, त्यांतली काही थेट समरकंदची. ही सगळी नाणी जवळपास शंभर वर्षं आधीच्या एका फ्रँक चषकात भरलेली होती. तो चषक बहुधा चर्चमधला, पूजेसाठी केलेला. व्हायकिंगांच्या हाती तो गल्ला झाला.

अक्षरं दिसली तर थांबा

लिहिलेली वस्तू या काळात कमी, म्हणून ती मोलाची. ४१ मध्ये फ्रँक्स कास्केट नावाची (हे नाव ती म्युझियमला देणाऱ्या फ्रँक्स यांचं, फ्रँक लोकांचं नव्हे) व्हेलच्या हाडाची लहानशी पेटी आहे, आठव्या शतकाच्या सुरुवातीची, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नॉर्थंब्रियातली. समोरच्या एकाच फळीवर डावीकडे वेलंड हा जर्मानिक कथांतला सूडाने पेटलेला लोहार, आणि उजवीकडे बाळ येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी पुरुष. त्यांच्या डोक्यावर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत त्यांचा उल्लेखही आहे. कडेने कोरलेला मजकूर ज्या व्हेलच्या हाडाची पेटी केली त्या किनाऱ्यावर अडकलेल्या प्राण्याबद्दल आहे. इतर बाजूंवर रोमचे रोम्युलस-रेमस आहेत, रोमन सेनापती टायटसने जिंकलेलं जेरुसलेम आहे. नवा धर्म आला तेव्हा जुन्या गोष्टी फेकून दिल्या असं कुणी सांगितलं तर त्याला ही पेटी दाखवा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या ओझों गावात एका घरात ती शिवणकामाच्या सामानासाठी वापरात होती. पेटीची एक बाजू आजही फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे. लंडनमध्ये तिथे प्रतिकृती लावली आहे.

दुसरी वस्तू ब्रिटिश म्युझियममधलीच, ऑफा राजाचं सोन्याचं नाणं. त्यावर अरबी मजकूर आहे, आणि मधोमध ‘ऑफा रेक्स’, तोही अरबी ओळींच्या मानाने उलटा. अब्बासी खलिफा अल-मन्सूरच्या हिजरी १५७ सालच्या दिनाराची ही नक्कल. ठसा कोरणाऱ्या इंग्लिश कारागिराला अरबी येत नव्हती हे उघड आहे. पण दिनार बाजारात चालतो, तेव्हा आपलं नाणं दिनारासारखं दिसायला हवं, एवढं राजाला पक्कं ठाऊक होतं.

काय नाही तेही बघा

सोनं गंजत नाही, म्हणून काचेत सोनं आहे. लाकूड, कापड, चामडं, शिजवलेलं अन्न, बहुतेक सगळं गेलं. दालनाच्या कडेच्या काचांमध्ये शिंगाच्या फण्या, मातीची मागाची वजनं, काचेचे मणी असतात. तिथे गर्दी नसते. त्या काळातली बहुसंख्य माणसं तिथेच आहेत, तेव्हा पाच मिनिटं तिकडेही द्या.

काही वस्तू सापडूनही गेल्या. फ्रँकांचा राजा चिल्डेरिक इ.स. ४८१-८२ च्या सुमारास वारला. त्याचं थडगं १६५३ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने इथे निघालं. नावाची अंगठी, गार्नेट जडवलेल्या सोन्याच्या सुमारे तीनशे मधमाश्या. नेपोलियनने आपल्या राज्यारोहणात याच मधमाशांचं चिन्ह उचललं. १८३१ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चोरी झाली आणि बहुतेक ऐवज वितळवला गेला. मधमाश्या उरल्या दोन. बाकीच्या आपल्याला माहीत आहेत त्या केवळ १६५५ मध्ये चित्रांसह छापलेल्या एका पुस्तकामुळे.

घरबसल्या

ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर संग्रहाचा शोध घेता येतो, मोठे फोटो मोफत पाहता येतात. शोधायला नाव आठवत नसेल तर क्रमांक टाका. शिरस्त्राणाचा क्रमांक १९३९,१०१०.९३ आहे. तो वाचायची रीत सोपी: १९३९ सालच्या दहाव्या महिन्याच्या दहा तारखेला दाखल झालेल्या गटातली ९३ वी वस्तू. फ्रँक्स कास्केट १८६७,०१२०.१, म्हणजे २० जानेवारी १८६७. एकदा ही खूण कळली की असा क्रमांक असलेली कोणतीही वस्तू केव्हा संग्रहात आली ते तुम्हीच सांगू शकता. वस्तू सध्या मांडलेली आहे की कोठारात, हेही त्याच पानावर लिहिलेलं असतं. प्रवासाआधी ते नक्की तपासा. उसनवारीवर गेलेल्या वस्तूची रिकामी जागा पाहण्यात अर्थ नाही.

पुढे कुठे

लंडनला प्रवेश मोफत आहे, पण आगाऊ नोंदणी केलेली बरी. शुक्रवारी संध्याकाळी संग्रहालय उशिरापर्यंत उघडं असतं. वेळा संकेतस्थळावर पाहून घ्या. माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हिसिगॉथ राजा रेसेस्विंथचा मुकुट आहे. त्याच्या नावाची अक्षरं साखळ्यांनी खाली लोंबतात. तो डोक्यावर घालायचा नाही, चर्चमध्ये वेदीवर टांगायचा. आणि स्टॉकहोमच्या ऐतिहासिक संग्रहालयात गेलात तर हेल्गो बेटावर सापडलेली बुद्धाची बोटभर उंचीची कांस्यमूर्ती चुकवू नका. ती बहुधा सहाव्या शतकात स्वात खोऱ्याच्या परिसरात घडली आणि स्वीडनच्या एका सरोवरातल्या बेटावर निघाली. त्याच बेटावर आयर्लंडमधल्या धर्मगुरूच्या दंडाचं टोक आणि इजिप्तमधला एक वाढायचा डावही मिळाला.

सटन हूला प्रत्यक्ष जायचं तर लंडनहून इप्सविचला गाडी बदलून मेल्टन स्टेशन गाठायचं, तिथून चालत जाता येतं. मूळ वस्तू लंडनमध्ये असल्यामुळे तिथे प्रतिकृतीच दिसतील, पण १७ मीटर उंच मनोऱ्यावरून टेकाडं आणि नदी यांचं नातं जसं कळतं तसं काचेसमोर कळत नाही. नदीपलीकडे वुडब्रिजला तेच २७ मीटरचं जहाज पूर्ण आकारात पुन्हा बांधायचं काम स्वयंसेवकांनी हाती घेतलं आहे. कुऱ्हाडीने फळ्या तासण्यापासून रिव्हेट ठोकण्यापर्यंत जुन्या पद्धतीने. बेसिल ब्राउनना जे रिव्हेट ओळीत लागले होते ते कशाला कसे धरून ठेवत, हे तिथे बघून घ्या.